तेरेझियो ज्यात शिरला ते पिंप

ऐकणारं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून बोलायला हरकत नाही. मी एक पिंप आहे. ओकच्या लाकडाचं, दीड पुरुष उंच, चार माणसांनी हात धरले तरच कवेत येईन एवढं. बारोलो गावासमोरच्या टेकडीवर एक वाडी आहे, तिच्या स्वयंपाकघराखालच्या खोलीत मी उभा आहे. एकोणीसशे तेवीस सालापासून.

मला एवारिस्तो नावाच्या म्हाताऱ्या सुताराने बांधलं. पिंपांशिवाय तो दुसरं काही करत नसे. जाळावर धरून फळ्या वाकवायचा, एकीला एक भिडवायचा, वरून लोखंडी पट्टे ठोकायचा आणि मध्येच कान लावून ऐकत बसायचा. काम झाल्यावर म्हणाला, "हे गळणार नाही." दुसऱ्या दिवशी दोन बैलांच्या गाडीवर घालून मला इथे आणलं. एवारिस्तो पुन्हा दिसला नाही. माझ्याविषयी कुणी चांगलं बोललं ते तेवढंच.

माझं काम वर्षातून दोन महिन्यांचं. ऐकायला हलकं वाटेल. ऑक्टोबरच्या मध्यावर, टेकड्या धुक्यात बुडायला लागल्या की नेब्बियोलोची द्राक्षं उतरतात. ती चेंगरून माझ्यात ओततात. दोन दिवसांत रस तापतो, फसफसतो, सालं फुगून वर येतात. मग वरून फळ्या अडकवून ती सालं रसातच दाबून ठेवायची, चाळीस दिवस, कधी पन्नास. इतर द्राक्षांना आठवडा पुरतो. हिला नाही. साल आणि बी यांच्यात जे जे तुरट आहे ते सगळं रसात उतरेपर्यंत मी ते पोटात धरून उभा राहायचं. त्यानंतर जी वाइन निघते तिला बारोलो म्हणतात. रंगाने फिकट, जुन्या विटेसारखी. बघणाऱ्याला वाटतं, साधी असेल. घोट घेतला की ती हिरड्यांना आणि जिभेला अशी धरते की माणूस बोलायचा थांबतो. तीन-चार वर्षं लाकडात राहिल्याशिवाय ती नरम येत नाही, आणि आली तरी पूर्ण नाही.

दर वर्षी हे असं. तापायचं, निवायचं, रिकामं व्हायचं, घासून घ्यायचं. लाकूडसुद्धा दमतं. ते कुणाला दिसत नाही इतकंच.

वाइन काढून घेतली की पोटात चोथा उरतो, माणसाच्या छातीपर्यंत. तो काढायला माझ्या पायाशी एक लहान दार आहे. खांदे तिरके करून बारीक माणूस त्यातून शिरतो आणि फावड्याने चोथा बाहेर लोटतो. पण चोथ्यातून एक वायू निघत राहतो. तो दिसत नाही. दोन श्वासांत माणूस आडवा होतो. म्हणून आधी काठीला मेणबत्ती बांधून आत धरायची. जळत राहिली तर माणसाने शिरायचं, विझली तर थांबायचं. माझ्याआधीच्या पिंपांपासून ही रीत होती.

मी सांगतोय त्या काळी वाडीत तिघं मोठी माणसं होती. फिर्मिनो थोरला, खांद्याने दारासारखा रुंद, बोलणं कमी आणि हुकूम जास्त. त्याची बायको लिओनिल्दा, ठेंगणी, हाताला कायम काम असलेली. आणि फिर्मिनोचा धाकटा भाऊ तेरेझियो, नऊ वर्षांनी लहान, बिनलग्नाचा, वेलीसारखा बारीक. इर्मा, फिर्मिनोची मुलगी, तेव्हा पाळण्यात होती.

आत शिरायचं काम तेरेझियोचं. फिर्मिनो मावतच नसे. पण तेरेझियोची खरी किंमत त्याच्या नाकात होती. माझ्या दारापाशी उकिडवं बसून तो वास घ्यायचा आणि सांगायचा, "अजून चार दिवस." चारच दिवस लागायचे. शेजारच्या टेकडीवरची माणसं पेला घेऊन त्याच्याकडे यायची. तो नुसतं हुंगून सांगायचा की पिंपाची कुठली फळी बुरसली आहे. घरात चीज आणलं की आधी त्याच्या नाकाखाली. वर लिओनिल्दाने भांड्यावरचं झाकण उचललं की तो खालून ओरडायचा, "वहिनी, लवंग जास्त पडली."

"भाऊजी, तुम्ही वर येऊन रांधा मग," ती खिडकीतून म्हणायची.

अठ्ठावन्न सालच्या नोव्हेंबरात, सांता कातेरीनाच्या सणाच्या दोन दिवस आधी, माझ्यातून वाइन काढली गेली. सकाळी पायाचं दार उघडलं. हाताला येईल तेवढा चोथा दोघा भावांनी बाहेर ओढला. उरलेला आत. तो न्यायला दारूच्या भट्टीवाल्याचा माणूस आला होता. ट्रॅक्टर चालू ठेवून अंगणात खोळंबला होता आणि मधूनमधून हाका मारत होता.

वर स्वयंपाकघरात ब्रासातो शिजत होता. बैलाच्या खांद्याचं मांस, दोन दिवस बारोलोतच भिजवलेलं, कांदा, गाजर, दालचिनी, लवंग घालून सकाळपासून मंद आचेवर. माझ्या लाकडालासुद्धा तो वास येत होता.

लिओनिल्दा खाली आली. ॲप्रनच्या खिशात तिचा हात होता.

"अहो, मेणबत्ती."

"दार सकाळपासून उघडं आहे. आता कसला वायू राहतोय," फिर्मिनो म्हणाला.

"एक मिनिट लागतं."

"तुझं एक मिनिट म्हणजे दुपार. तो बाहेर बोंबलतोय ऐकू येत नाही? ए तेरेझियो, हो आत."

तेरेझियोने एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा वर जिन्याकडे. "होतो," म्हणाला. "वर मांस झालंय. लवकर आटपलं तर लवकर बसू."

तो खांदे तिरके करून शिरला, फावडं ओढून घेतलं, दोनदा मारलं. तिसऱ्यांदा फावडं उचललं गेलं नाही. तो चोथ्यावर बसला, जसा माणूस दमून बसतो, आणि मग मागे कलंडला. चोथा मऊ होता. त्याला काही लागलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय.

"तेरेझियो?" फिर्मिनोने वाकून पाहिलं. मग तो माझ्यात शिरायला धडपडू लागला. त्याचे खांदे दारात अडकले. तो बैलासारखा रेटत होता, माझे पट्टे करकरत होते. लिओनिल्दाने त्याला कॉलर धरून मागे ओढलं, छातीभर श्वास घेतला, तोंड मिटलं आणि कमरेपर्यंत आत घुसली. तिच्या हाताला एक घोटा लागला. तिने तो बाहेर आणला. मग फिर्मिनोने दोन्ही पाय धरले आणि जीव खाऊन ओढलं.

अंगणातल्या दगडांवर त्याला निजवलं. बराच वेळ काही नाही. मग तो खोकला, ओकला आणि डोळे उघडले. ट्रॅक्टरवाला टोपी हातात घेऊन उभा होता. फिर्मिनो भावाच्या पायाशी बसून होता, अजून घोटे धरलेले.

दोन दिवस तेरेझियोचं डोकं ठणकत होतं. तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसला असताना दूध उतू गेलं, करपलं, खोली धुराने भरली, तेव्हा लिओनिल्दा कोंबड्यांकडून धावत आली.

"भाऊजी, बसलात काय नुसते? वास नाही आला?"

तो भांड्याकडे बघत राहिला. "नाही," म्हणाला. "नाही आला."

जवळच्या आल्बा शहरातून डॉक्टर आला. त्याने नाकाशी व्हिनेगर धरलं, कापूर धरला, शेवटी कापलेला लसूण. मग म्हणाला, डोक्याला मागून मार बसलाय, नाकाची नस आतून तुटली असणार. येईल परत, किंवा नाही येणार. ती आली नाही.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आठवणीत सर्वांत जड आहे. फिर्मिनोने भावाला काही करू द्यायचं सोडून दिलं. छाटणीला गेला तर कात्री काढून घ्यायचा. जेवताना चांगला तुकडा त्याच्या ताटात, शेगडीजवळची खुर्ची त्याला. आवाज चढवेना, हुकूम सोडेना. जो माणूस 'ए' शिवाय बोलत नसे तो 'जरा बसतोस का' म्हणायला लागला. घडलेल्या गोष्टीविषयी मात्र एक अक्षर नाही. लिओनिल्दाही नाही. ती या खोलीत यायची बंद झाली.

तेरेझियोला वरच्या टेबलाचा कंटाळा येऊ लागला. बाकीची दोघं घास घेताना त्याच्या तोंडाकडे बघायची. मग तो ताट घेऊन खाली यायचा आणि मला टेकून बसायचा. मी रिकामा होतो. तो खायचा, जसा माणूस लाकूड फोडतो तसा, काम संपवायचं म्हणून. खारट कळायचं, गोड कळायचं. बाकी सगळं ओला पुठ्ठा, असं तो एकदा स्वतःशीच म्हणाला.

फेब्रुवारीत एक दिवस लिओनिल्दा त्याच्यासाठी वाइन घेऊन जिन्यापर्यंत आली. रोजच्या जेवणाला घरात दोल्चेत्तो असे, हलकी. ती संपली होती, म्हणून तिने पलीकडच्या खोलीतल्या पिंपातून नवी बारोलो भरली होती, तीच, अठ्ठावन्नची, तीन महिन्यांची, कुणी पिणार नाही इतकी तुरट. तिने पेला पायरीवर ठेवला आणि वळली. त्याने तो उचलून घोट घेतला.

"वहिनी, थांबा."

ती थांबली.

"ही कुठली?"

"आपलीच. कच्ची आहे. राहू द्या, दुसरी आणते."

"नको." त्याने पुन्हा घोट घेतला. तोंडात फिरवला. "ही कळतेय."

"म्हणजे वास?"

"वास नाही. वास कुठला. पण ही धरतेय. जिभेला कुणी हाताने धरावं तशी." त्याने ताटातला मांसाचा चरबीचा तुकडा तोंडात टाकला, चावला. "आता सोडलं." पुन्हा घोट. "आता परत धरलं."

लिओनिल्दा पायरीवर बसली. तो घोट घेत होता, चरबी खात होता, पुन्हा घोट घेत होता आणि प्रत्येक वेळी सांगत होता: धरलं, सोडलं. तिने ॲप्रन डोळ्यांना लावला. त्याने ते पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्या दिवसापासून तिचा स्वयंपाक बदलला. ती आता वासासाठी नाही, दातांसाठी आणि जिभेसाठी रांधायची. ब्रासातोसाठी खांद्याऐवजी जास्त चरबीचा भाग. जाड दळलेल्या मक्याची पोलेंटा, चावताना कळेल अशी. अंड्याच्या बारीक शेवया, त्यांवर कोंबडीच्या काळजाचा रस्सा, भरपूर लोण्यात. डोंगरातलं इतकं जुनं चीज की सुरी लावली की चुरा व्हावा. भाजलेले हेझलनट. आणि सोबत बारोलो, जितकी तरुण तितकी बरी. मासा ती त्याच्यापुढे ठेवत नसे. म्हणायची, माशाजवळ ही वाइन भांडखोर होते, लोखंड चाटल्यासारखं लागतं. कुठल्या तुकड्याने पकड सुटते आणि कुठल्याने नाही, हे दोघं तासन् तास बोलायची. माणसं जिला पूर्ण व्हायला दहा वर्षं देतात तिच्या कच्च्या दिवसांचा जाणकार त्या टेकड्यांवर तो एकटाच असेल.

पण काम नव्हतं. उन्हाळ्यात तोरीनोहून एका मित्राचं पत्र आलं. मोटारींच्या कारखान्यात माणसं घेत होते. टेकडीवरचे अर्धे तरुण तिकडे गेलेच होते. तेरेझियोने ते पत्र इथे माझ्याजवळ बसून तीनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

पुढच्या ऑक्टोबरात तोडणीच्या आठ दिवस आधी फिर्मिनो दोन मजूर आणि एक करवत घेऊन खोलीत आला. तेरेझियो मला टेकून बसलेला.

"ऊठ जरा," फिर्मिनो म्हणाला. "हे पिंप काढतोय."

"का?"

"जुनं झालं."

"छत्तीस वर्षांचं आहे. पिंपाचं वय आहे का ते?"

"मला ते घरात नको. कळलं? त्याने माझा भाऊ खाल्ला."

मजूर एकमेकांकडे बघून बाहेर गेले. तेरेझियो उठला नाही.

"दादा, पिंपाने काय केलं? दोष सांगायचाच असेल तर नीट सांग. वर्ष झालं, मी वाट बघतोय. मला शेगडीजवळची खुर्ची देतोस, माझी कात्री काढून घेतोस. घरात पाहुणा करून टाकलंस मला. हे बघ, तोरीनोचं पत्र. सोमवारी जातोय."

फिर्मिनोने पत्र घेतलं नाही. तो माझ्या पट्ट्यावर हात ठेवून उभा राहिला.

"मी मेणबत्ती लावू दिली नाही," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. मी तिथेच होतो."

"ती म्हणाली होती. एक मिनिट लागतं म्हणाली होती."

जिन्यावर लिओनिल्दा उभी होती, कधी आली ते कुणालाच कळलं नव्हतं. "मेणबत्ती माझ्या खिशात होती," ती म्हणाली. "काडेपेटीसुद्धा. तुम्हाला विचारायची गरज नव्हती मला. लावायची होती. मी गप्प बसले."

"झालं का दोघांचं?" तेरेझियो म्हणाला. "आता माझं ऐका. मी बत्तीस वर्षांचा होतो, तान्हा नव्हतो. रीत मला माहीत नव्हती का? पण वरून ब्रासातोचा वास येत होता आणि मला भूक लागली होती. म्हणून गेलो." तो वहिनीकडे वळला. "शेवटचा वास तो. शेवटचा म्हणून वाईट नव्हता, वहिनी. लवंगही बेताची होती."

फिर्मिनो रडला. रुंद माणसं रडतात तेव्हा आवाज येत नाही, नुसती पाठ हलते.

तिघांनी दोष वाटून घेतला. चौथा वाटेकरी मी होतो. तेरेझियोचं डोकं पडताना आपटलं नाही, मघाशी म्हणालो ते यासाठी. तो मऊ चोथ्यावर पडला होता. फिर्मिनोने पाय धरून ओढलं तेव्हा त्याचं डोकं मागून माझ्या दाराच्या उंबऱ्यावर आपटलं. ज्या ओढण्याने भाऊ वाचला त्याच ओढण्याने त्याचं नाक गेलं. घाईत, ओरड्यात कुणाला ते दिसलं नाही. फिर्मिनोला हे कळलं असतं तर तो उरला नसता. लाकडाला बोलता येत नाही याचं त्या दिवशी मला बरं वाटलं. आता तिघंही टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत, म्हणून सांगून टाकलं. नव्या माणसांना त्याचं काही नाही.

तेरेझियो सोमवारी गेला नाही. त्या नोव्हेंबरात तो पुन्हा माझ्यात शिरला, मेणबत्ती नीट जळाल्यावर. आणि फिर्मिनो बाहेरून ओरडत होता, "ए, कोपरा राहिला. आंधळा आहेस का?" तेरेझियो आतून हसत होता. त्यानंतर सत्तावीस शरद तो शिरत राहिला. "अजून चार दिवस" हे सांगणारं मात्र कुणी उरलं नाही. तो आता माझ्या तोटीतून थेंब घेऊन जिभेवर ठेवायचा आणि सांगायचा, धरतेय की नाही. बहुतेक वेळा बरोबर असायचं. कधी चुकायचंही. काही वर्षांची वाइन त्याच्यामुळे जरा जास्तच कठोर झाली, आणि ती विकत घेणाऱ्यांनी तक्रारी केल्या.

फिर्मिनो आधी गेला. तेरेझियो त्याच्यानंतर सात वर्षांनी, लिओनिल्दा शेवटी. शेवटच्या वर्षांत तेरेझियोला चावता येत नव्हतं. ती त्याला मांसाचा रस्सा भरवायची आणि चमचाभर बारोलो. तो डोळे मिटून बोट वर करायचा. म्हणजे धरलं.

मग इर्माने पोलादी टाक्या आणल्या. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांत शिरावं लागत नाही, चोथा आपोआप खाली पडतो, कुणाला मेणबत्ती लागत नाही. पहिल्या दिवशी त्या टाक्यांचा आवाज ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, आता मला पाडतील. पण माझ्याविषयी कुणी ठरवलंच नाही. तीस वर्षं झाली, मी कोरडा उभा आहे.

पिंप कोरडं राहिलं की आकसतं. फळ्यांमध्ये फटी पडल्या. पट्टे सैल होऊन खाली घसरले. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ते माझ्या पोटात उभ्या रेघांनी पडतं. एवारिस्तोचा शब्द आता खरा नाही, पाणी ओतलं तर चाळणीसारखं गळेल.

इर्मा सत्तरीकडे झुकली आहे. लांबलांबच्या देशांतले लोक वाइन चाखायला येतात, आणि ती त्यांना सांगते की हिच्याबरोबर शिजवून मऊ केलेलं मांस घ्या, जुनं चीज घ्या, चरबीला घाबरू नका. ते माझ्या पोटावर हात ठेवून फोटो काढतात. मागच्या महिन्यात एक माणूस मोजपट्टी घेऊन आला. म्हणाला, याला बाजूने मोठं दार कापू, आत गाद्या टाकू, दिवा लावू, जोडपी बसतील. इर्मा म्हणाली, बघते. ती अजून बघते आहे.

इर्मा, बाळा, तू मला कधी काही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर एकच सांगितलं असतं. माझ्यात दिवा लावू नकोस, गाद्या टाकू नकोस. पट्टे काप. फळ्या आपोआप सुटतील, जोर लावावा लागणार नाही. त्या अंगणात एकावर एक रचून ठेव. मग जाळ किंवा राहू दे, त्याचं मला काही नाही.

शंभर वर्षं मी उभा आहे. मला एकदा आडवं कर.